विहीणबाईंची मांड

जगातली बाकीची माणसं एखादी गोष्ट शिकायची झाली की त्या गोष्टीकडे जातात, वही घेतात, क्लास लावतात, चुका करतात. आमच्या विहीणबाईंच्या बाबतीत ती गोष्टच उठून त्यांच्याकडे येते आणि समजूतदार सुनेसारखी त्यांच्या हाताखाली वावरू लागते. नवापूर ते साक्री एवढ्या एसटीच्या प्रवासात शेजारी बसलेल्या बाईंकडून त्या कामापुरती गुजराती शिकून उतरल्या होत्या. व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे मी जावयांकडून पायरीपायरीनं लिहून घेत होते. सातव्या पायरीला पोहोचले तेव्हा विहीणबाई आतल्या खोलीत गावाकडच्या म्हशीशी बोलत होत्या. म्हैस पडद्यावर दिसत होती, आणि माझी खात्री आहे, ती ऐकत होती. माझं नेमकं उलट. मला कुठलीही गोष्ट येते ती कष्टानं, क्रमानं आणि तारीखवार. त्यामुळे हे जे मी लिहिते आहे त्यात कौतुक किती आणि हेवा किती, याचा हिशेब वाचणाऱ्यानं आपापला करावा. मी करून पाहिला आहे आणि तो सांगण्यासारखा नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीची सासू. गाव साक्रीच्या पलीकडे, डोंगराला टेकलेलं, सगळी शेती पावसाच्या भरवशावरची. मी जळगावकडची, नशिराबादची. लग्न होऊन धुळ्यात आले आणि गेली सव्वीस वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे, सध्या अधीक्षक. सहा वर्षांपूर्वी मुलीचं लग्न याच धुळ्यात झालं. त्या लग्नाची माझी यादी दोनशे बारा ओळींची होती आणि दोनशे बाराही ओळींपुढे बरोबरची खूण होती. सगळं घड्याळाप्रमाणे झालं, एक गोष्ट सोडून. नवरदेव चाळीस मिनिटं उशिरा मांडवात आला. मुहूर्त टळला, गुरुजी घाम पुसत पंचांग चाळू लागले आणि जेवणाच्या पंगतींचं माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं. विहीणबाईंना कारण विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, बँडवाले हळू चालत होते. मी वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईनं लिहिलं, ‘वरात चाळीस मिनिटं उशिरा, वरपक्षाकडून’, आणि ते वाक्य सहा वर्षं मनात घडी न मोडता जपलं. विहिणीबद्दल काहीतरी मनात ठेवायला हवंच असतं, आणि त्यांनी दुसरं काही ठेवायला दिलंच नव्हतं.

मागच्या वर्षी जावयांची बदली धुळ्याला झाली. मुलगी माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. हा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा प्रसंग ठरला असता, पण नवा संसार लावून द्यायला म्हणून चार दिवसांसाठी विहीणबाईही आल्या आणि चार दिवसांचे चार महिने झाले. माझी मुलगी अठरा वर्षं माझ्या घरी वांगं खात नव्हती. मी तिच्यासाठी वांग्याच्या नऊ प्रकारांची यादी करून एकेक करून पाहिला होता. एका रविवारी मी तिच्याकडे गेले तर ती विहीणबाईंच्या हातचं भरीत, कळण्याच्या भाकरीबरोबर, बोटं चाटत खात होती. मला पाहून म्हणाली, “मम्मी, तू असं कधी केलंच नाहीस.” घरी आल्यावर नऊ प्रकारांची यादी काढून पाहिली. भरीत तिसऱ्या क्रमांकावर होतं.

विहीणबाई सगळ्यांशी बोलतात, आणि सगळ्यांमध्ये वस्तूही आल्या. एसटी चढावर दमली की समोरच्या सीटच्या पाठीवर हात फिरवून तिला धीर देतात. माझा मिक्सर मला दोन वर्षं शॉक देत होता. त्यांनी त्याला नुसतं रागावून पाहिलं आणि तेव्हापासून तो देत नाही. आमच्या सोसायटीत मी अकरा वर्षं राहते आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी अकरा वर्षांत माझ्या नमस्काराला मान हलवण्यापलीकडे उत्तर दिलेलं नाही. विहीणबाई एका दुपारी माझ्याकडे आल्या, जिन्यात क्षणभर टेकल्या, आणि संध्याकाळी त्याच वहिनी खिरीची वाटी घेऊन वर आल्या; माझ्यासाठी नव्हे, ‘साक्रीच्या मावशीं’साठी. घड्याळ त्या वापरत नाहीत. खांद्याला एक कापडी पिशवी असते, तिच्यात दोरा, सुपारी, खिळा, लिंबू, रबराचा एखादा तुकडा असं काहीही असतं. माझ्या पर्समध्ये सगळं असतं आणि ऐन वेळी हवं ते सापडत नाही. त्यांच्या पिशवीत काहीच नसतं, आणि हात घातला की हवं तेच वर येतं.

आता घोड्याचं सांगते, कारण खरं दुखणं तिथलं आहे.

मी बारा वर्षांची असताना नशिराबादला आमच्या घरावरून डोंबाऱ्यांचा की आणखी कुणाचा तांडा चालला होता. सगळ्यांच्या पुढे माझ्याच वयाची एक मुलगी घोड्यावर बसून जात होती. खोगीर नाही, लगाम कुणाच्या हातात नाही, ती एकटी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी वडिलांना म्हटलं, मला घोड्यावर बसायचंय. ते म्हणाले, “घोड्यावर नवरदेव बसतो.” त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली यादी केली, पन्नाशीच्या आत करायच्या बारा गोष्टींची. पुढे त्यातल्या अकरा होत गेल्या. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं, ‘घोड्यावर एकटीनं बसणं, कुणी लगाम न धरता.’ पन्नाशी उलटून तीन वर्षं झाली तरी ती ओळ तशीच होती. यादीतली एक ओळ मोकळी राहिली की मला जेवण गोड लागत नाही, आणि ही तर चाळीस वर्षं मोकळी होती.

मागच्या आषाढात साक्री रस्त्यावर एका शेडवर पाटी दिसली: घोडसवारी शिकवू, आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न. शेड होती घोडीवाल्या आबांची. निम्म्या धुळ्याचे नवरदेव आबांच्या घोडीवरून मांडवापुढे उतरलेले. एकादशी झाली की लग्नं थांबतात, पण घोडीचं खाणं थांबत नाही. म्हणून चातुर्मासात आबा त्याच घोडीवर लोकांना शिकवतात. तुळशीचं लग्न लागलं की घोडी पुन्हा वरातीला. नियम साधा होता. आधी मैदानात, आबांनी दोरी धरून. मग दोरी सोडून. आणि ज्याची मांड पक्की बसली, त्यानं शेवटी पांझरेच्या काठच्या वाटेनं मारुतीपर्यंत एकट्यानं जाऊन परत यायचं. मला तेच हवं होतं. मी हेल्मेट मागवलं, बूट मागवले, गुडघ्याची पट्टी आणली, घोड्याच्या स्वभावावर वाचून सव्वीस मुद्दे काढले. हे सगळं विहीणबाईंसमोर बोलायची गरज नव्हती. पण त्या दिवशी मुलीकडे जेवायला होते आणि मला थोडी फुशारकी मारायची होती. विहीणबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मीबी येस.” म्हणजे मीही येते.

पहिल्या दिवशी मी पावणेसातला पोहोचले. विहीणबाई कुठल्याशा कांद्याच्या टेम्पोत पुढे बसून सव्वासातला आल्या, त्यांच्या सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं घट्ट कासोटा मारून नेसलेल्या, पायात जावयांचे कॅन्व्हासचे बूट. घोडी पांढरी, जराशी पोक्त, नाव शेवंती. विहीणबाई सरळ तिच्याजवळ गेल्या, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हाई तं आपलीच.” त्या जगातल्या निम्म्या गोष्टींना आपलीच म्हणतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आबांनी आधी मला बसवलं. रिकिबीत पाय, खोगिराला हात, पाठ ताठ, नजर समोर, हे सगळं मी वाचून आले होते आणि सगळं बरोबर केलं. शेवंती दहा पावलं चालली आणि थांबली. टाच लावली, पुन्हा दहा पावलं आणि थांबली. मैदानाची एक फेरी मारायला पंचवीस मिनिटं लागली. मग विहीणबाई बसल्या. बसल्या म्हणजे शेंगांचं पोतं बैलगाडीवर पडतं तशा पडल्या, पाय सोडले, लगाम दोन बोटांत धरला आणि घोडीशी बोलू लागल्या. शेवंतीनं कान मागे वळवले आणि दुडकी धरली. आबा दोरी धरून धावले, मग दमले, मग दोरी सोडून कडेला उभे राहिले. पहिल्याच दिवशी.

त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्या मनाची जी अवस्था झाली ती कार्यालयातल्या कुणाला कळू दिली नाही, पण घरी आमच्या ह्यांना कळली. ते म्हणाले, तू घोडीवरून आलीस की भांडी जास्त वाजतात. मी रोज गाजराचे सारखे तुकडे करून डब्यात नेत असे. शेवंती ते माझ्या तळहातावरून खात असे आणि खाताना विहीणबाईंकडे बघत असे. त्या तिला काही म्हणजे काही खायला आणत नव्हत्या. माझा वेळ पंधरा मिनिटांचा. त्यातली अकरा घोडी उभी राहत असे. एकदा रस्त्यावरून कुणाच्या तरी मिरवणुकीचा बँड गेला. शेवंतीनं मान वाकवली आणि माझ्यासकट जागच्या जागी नाचायला सुरुवात केली, पुढचे दोन पाय आळीपाळीनं उचलत, अगदी तालात. मैदानाबाहेर माणसं थांबली. मी खोगिराला दोन्ही हातांनी धरून सव्वीस मुद्द्यांपैकी एखादा आठवतोय का ते पाहत होते. विहीणबाई कुंपणाजवळ उभ्या राहून टाळ्यांचा ठेका देत होत्या. मला मदत म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. विहीणबाई लगाम सोडून पदर सारखा करत असत आणि घोडी पळत असे. आबा त्यांना शिकवणं सोडून त्यांच्याकडून घोडीच्या पोटदुखीवरचं औषध विचारून घेत. माझी दोरी मात्र अजून आबांच्या हातात होती. नवरात्रात मी शेवटी लाज बाजूला ठेवून आबांना विचारलं, माझं चुकतंय काय. आबांनी बराच वेळ खोगिराचा पट्टा उगाच घट्ट केला. मग म्हणाले, “ताई, राग मानू नका. तुम्ही नवरदेवासारख्या बसतात.”

मी म्हटलं, म्हणजे कशी?

“पाठ ताठ, मान ताठ, मुठी आवळलेल्या, आणि आता आपलं काय होणार असं तोंड. हिनं आजवर तेच वजन वाहिलंय. असं वजन पाठीवर आलं की हिला वाटतं वरात निघाली. हळू चालायचं, दहा पावलांवर थांबायचं, नवरदेव पाडायचा नाही. आणि तुमच्या विहीणबाई बसतात तसे आम्ही बसतो. नवरदेव मांडवात उतरला, काम संपलं, आता घराकडे. तेव्हा घोडी पळणारच की.”

वडिलांनी सांगितलं होतं घोड्यावर नवरदेव बसतो, आणि चाळीस वर्षांनी मी बसले ती नवरदेव होऊनच. त्या दिवशी मी घरी येऊन सैल बसण्याची यादी केली. एक, खांदे सैल. दोन, जबडा सैल. तीन, बोटं सैल. चार, विचार सैल. दुसऱ्या दिवशी चारही गोष्टी क्रमानं सैल करत बसले तर आबा म्हणाले, आज तर अगदी हळद लागलेल्या नवरदेवासारख्या दिसतात. विहीणबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमी कोठे जाई राह्यनात, ते तिले सांगतसच नही.” म्हणजे आपण कुठं चाललोय हे मी घोडीला सांगतच नाही. मला ते त्यांच्या मिक्सरच्या गोष्टींपैकी एक वाटलं. जनावराशी बोलणं मला जमणारं नव्हतं. माणसांशीही मी बहुतेक आवक-जावक क्रमांक टाकूनच बोलते.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी आबांनी सांगितलं की आज शेवटचा दिवस, उद्यापासून घोडीला सजवायला घ्यायचंय, तीथ दाट आहे, लग्नं एकाला एक लागून. विहीणबाईंनी मारुतीची फेरी घ्यावी. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, गेल्या, आणि मी दोनदा घड्याळ पाहीपर्यंत परत आल्या. मग आबांनी माझ्यासाठी पुन्हा दोरी लावायला घेतली. ओळ मोकळी राहणार होती, आणि तीही त्यांच्यादेखत. विहीणबाई घोडीवरून उतरल्या आणि आबांना म्हणाल्या, “त्यास्ले जाऊ द्या. दोरी सोडा.” आबा म्हणाले, घोडी थांबली तर? विहीणबाई म्हणाल्या, थांबली तर थांबली, ताईंना काही गाडी गाठायची नाही. मग आबांनी दोरी सोडली.

मैदानाबाहेर पडले आणि दहा पावलांवर शेवंती थांबली. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती. दोघांची नजर पाठीवर टोचत होती. पुढे वाट, डावीकडे पांझरेचं थोडंसं पाणी, उजवीकडे कपाशी. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि घोडीला म्हटलं, मारुतीपर्यंत जायचंय. तेवढ्यावर ती हलली नाही. पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून मला जे पाठ असतं ते बोलू लागले. मारुतीपर्यंत जायचं, मग परत यायचं. मग घरी जाऊन गॅसचा नंबर लावायचा. ऊस आणि बोरं आणायची, तुळशीसाठी. परीक्षा अर्जांच्या दुरुस्त्या गुरुवारपर्यंत पाठवायच्या, त्यात दुसऱ्या वर्षाचे अजून आलेले नाहीत. ह्यांच्या चष्म्याची काडी. शेवंतीचे कान मागे वळले. बाथरूमचा नळ, मी म्हटलं, आणि ती चालू लागली. मी उद्याची यादी संपवून परवाची धरली. दहा पावलं झाली, वीस झाली, मी मोजणं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी यादी कुणीतरी मध्ये न तोडता ऐकत होतं. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मुठी उघडल्या आहेत आणि लगाम माझ्याच हातात आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मारुतीपुढे पार आहे, पारावर पिंपळ आहे आणि कडेला हारवाल्या अक्का बसतात. तिथं शेवंती थांबली ती खांबासारखी. मी यादी म्हटली, टाच लावली, विनवलं. कान हलेना. अक्का हार ओवता ओवता म्हणाल्या, “नारळ फोडल्याशिवाय ती इथून हलत नाही, टोपीवाल्या ताई. दर लग्नात नवरदेव इथं पाराशी येतो, नारळ फुटतो, मग मांडवाकडे. तिला तेच माहीत.” माझ्या पर्समध्ये पाणी, बँडेज, सेफ्टी पिना, ग्लुकोजची बिस्किटं होती. नारळ नव्हता. अक्कांनी टोपलीमागून एक काढला आणि म्हणाल्या, “तुमचा इथं ठेवलाय. मघाशी लुगड्यातल्या बाई येऊन गेल्या ना, त्यांनी स्वतःचा फोडला आणि हा देऊन गेल्या. म्हणाल्या, मागून एक ताई येतील, टोपी घातलेल्या, त्यांना दे, त्यांना माहीत नसेल.”

मी उतरले. नारळ फोडायला अक्कांनी दगड दाखवला. मी फोडत असताना त्या बोलत राहिल्या, गिऱ्हाईक नसलं की बोलतात तशा. ही घोडी फार मानी. पाच-सहा वर्षांपूर्वी साक्रीकडची एक वरात इथं अर्धा तास आणि वर खोळंबली होती. नारळ आणायचा मुलीकडच्यांनी, ते हार-टोपी घालून पुढे निघून गेले, नारळ विसरले. दाट तीथ, अक्कांकडचे सकाळीच संपलेले. नवरदेवाची आई हीच लुगड्यातली बाई, तेव्हा शालू होता अंगावर. तिनं भर उन्हात माणूस बाजारात पाठवला. वरातीतले लोक चिडले, मुलीकडच्यांना बोलावून विचारा म्हणू लागले. “तर ती बाई म्हणाली, कुणी एक शब्द बोलायचा नाही. पोरीच्या आईनं वर्षभर पायाला भिंगरी लावून लग्न उभं केलंय, आज तिला खाली पाहायला लावायचं नाही. विचारलं तर बँडवाले हळू चालले असं सांगायचं.”

माझ्या हातातल्या नारळाचं पाणी बुटावर सांडलं. माझ्या दोनशे बारा ओळींतली एकशे सत्तेचाळिसावी ओळ मला आत्ताही दिसते: ‘मारुतीच्या पारावर नारळ, हार, टॉवेल-टोपी, मामाकडे.’ पुढे बरोबरची खूण. माझ्या भावाच्या हातात पिशवी दिली त्याच क्षणी मी ती खूण केली होती. पिशवी पारावर पोहोचली का, ते मी पाहिलं नव्हतं. हार आणि टॉवेल-टोपी पोहोचली असणार, कारण नवरदेवाच्या डोक्यावर टोपी होती. नारळ गाडीच्या डिकीत राहिला असेल. लग्नानंतर भावाच्या घरी खोबऱ्याची बर्फी झाली होती, तीही मी खाल्ली होती.

मी पारावर चढून घोडीवर बसले, नवरदेव चढतात तशीच. नारळ फुटल्यावर शेवंती आपणहून वळली. परतीच्या वाटेवर मी यादी म्हटली नाही, पाठ ताठ ठेवायचंही भान राहिलं नाही. कपाशीचं शेत संपलं तिथं तिनं दुडकी धरली आणि मी पडले नाही. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते चाललं होतं आणि मी त्यातला निम्मा वेळ एका नारळाचा विचार करत होते.

विहीणबाई त्याच पालथ्या बादलीवर बसून आबांच्या घरच्या बाईंबरोबर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “उनात का?” म्हणजे आलात का. मी उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं की सहा वर्षं मला सांगितलं का नाही. त्यांना आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग हसल्या. “त्यान्मा काय सांगनं, ताई? तुमी नारय इसरनात. पोरगी तं नही ना इसरनात?” आणि शेंगांची परडी माझ्याकडे सरकवली. मी हेल्मेट काढून जमिनीवर बसले आणि शेंगा सोलू लागले. त्या माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं सोलत होत्या, हे लिहायला हवं असं नाही, पण होत्या.

त्या संध्याकाळी मी चौथ्या ओळीवर खूण केली. मग लग्नाची वही काढली, शेवटच्या पानावरची लाल ओळ खोडली आणि एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीपुढची खूणही खोडली. दोनशे अकरा. मला वाटलं होतं, आता हेवा कमी होईल. झाला नाही. उलट वाढला. स्वयंपाक, शेजारी, घोडी, हे सगळं मी कधीतरी सरावानं मिळवीन; पण सहा वर्षं एवढी गोष्ट पोटात ठेवून वर माझ्याच हातचा चहा पिऊन ‘फार छान’ म्हणणं, हे कुठल्या यादीत लिहून येतं ते मला ठाऊक नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि विहीणबाई गावी गेल्या. ज्वारीला राखण लागते. त्या गेल्यापासून मुलीनं दोनदा माझ्याकडे भरीत खाल्लं. चांगलं झालंय म्हणाली, आणि दोन्ही वेळा खाऊन झाल्यावर साक्रीला फोन लावला. मागच्या आठवड्यात आमच्या गॅलरीखालून वरात गेली. शेवंती होती, कपाळावर मोत्यांच्या झालरी, पाठीवर ताठ मानेचा, आवळल्या मुठींचा एक पोरगा. दहा पावलं चालायची आणि थांबायची. मी कठड्यावरून वाकून हळूच म्हटलं, चाल वं माय, घर जाऊत. ह्यांनी विचारलं, कुणाशी बोलतेस? बँडच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसणार.

आबा म्हणतात, घोडीचं वय होत चाललंय, पुढच्या आषाढात शिकवणीला काढीन की नाही, सांगता येत नाही. विहीणबाई फोनवर म्हणतात, गुडघा बोलायला लागलाय, आणि गुडघ्यातून वयच बोलतंय, हे आता मलाही समजतं. तरी मी पुढच्या चातुर्मासाची यादी करून ठेवली आहे. शेवंतीचं आबांकडे विचारणं. विहीणबाईंना आणायला स्वतः साक्रीला जाणं, टेम्पोनं येऊ न देणं. गाजरं. नारळ दोन. एकाही ओळीपुढे खूण केलेली नाही.